ना हयातीचा दाखला, ना मृत्यूचा



नोव्हेंबर महिना आला की सांवेर रोडवरच्या आमच्या बँकेच्या शाखेत पेन्शनरांची रांग लागते. आम्ही त्या शाखेत कारकून आहोत. औद्योगिक वसाहतीतले कामगार, मालक, ट्रकवाले यांची रोजची गर्दी असतेच, पण नोव्हेंबरात त्यांच्यापुढे म्हातारी माणसे असतात. काठी टेकत येतात, अंगठा नाहीतर सही देतात आणि हयातीचा दाखला भरून जातात. त्यांत बरेच माजी सैनिक असतात. पलटणीतून सुटल्यावर याच रस्त्यावरच्या कारखान्यांत रखवालदारी केलेले हे लोक आज पंचाहत्तरी ओलांडून गेले आहेत.

अशाच एका नोव्हेंबरात १९७१ च्या लढाईतले एक निवृत्त हवालदार खिडकीशी थांबले आणि म्हणाले, "बाबूजी, मैं तो हर साल ज़िंदा होने का सबूत दे जाता हूँ. जो उधर रह गए, उनका सबूत किससे माँगोगे?"

आम्ही हसून वेळ मारून नेली. पण तो प्रश्न काही खिडकीवरून हलला नाही. आज तोच प्रश्न आम्ही या पत्रकातून आपल्यापुढे ठेवीत आहोत.

आपल्यापैकी किती जणांनी फ्लाइट लेफ्टनंट विजय वसंत तांबे हे नाव ऐकले आहे? हात वर करा! आम्ही आमच्या ओळखीच्या घरी विचारून पाहिले. राजवाड्याजवळच्या जुन्या वाड्यांत विचारले, राजेंद्रनगरात आणि सुदामानगरातही विचारले. क्रिकेटपटूंची नावे सर्वांना पाठ, नाट्यसंगीत गाणारे सर्वांना ठाऊक. तांबे कोण, ते बहुतेकांना ठाऊक नाही. दोष त्यांना कसा द्यावा? आम्हालाही काही वर्षांपूर्वीपर्यंत ठाऊक नव्हते.

तर ऐका. तांबे हे भारतीय हवाई दलाचे वैमानिक. सुखोई-७ हे लढाऊ विमान ते चालवीत. डिसेंबर १९७१ मध्ये, युद्धाच्या पहिल्याच दिवसांत, पश्चिम पाकिस्तानातील शोरकोट रोडच्या हवाई तळावर हल्ला करताना त्यांचे विमान पाडले गेले. त्याच डिसेंबरात ढाक्याहून निघणाऱ्या 'पाकिस्तान ऑब्झर्वर' या वर्तमानपत्रात भारताचे पाच वैमानिक जिवंत पकडल्याची बातमी आली. त्यात एक नाव 'टोंबे' असे छापले होते. हवाई दलात या नावाच्या जवळपासही दुसरे कोण होते? शत्रूच्याच वर्तमानपत्राने दिलेली ती पोच होती. त्यानंतर आजवर तांबे यांचा पत्ता नाही. पाकिस्तान म्हणतो, आमच्याकडे कोणीही युद्धकैदी नाही. मग ती बातमी कोणाची?

त्यांच्या पत्नी दमयंती तांबे. या बाईंचे नाव तरी खेळाच्या चाहत्यांना ठाऊक असायला हवे. बॅडमिंटनच्या राष्ट्रीय विजेत्या, १९७० च्या अर्जुन पुरस्काराच्या मानकरी. लग्नाला जेमतेम दीड वर्ष झाले होते. नवरा परतला नाही आणि ऐन भरातला खेळही सुटला. पुढे दिल्लीच्या जवाहरलाल नेहरू विद्यापीठात क्रीडा विभागात त्यांनी नोकरी केली, दुसरे लग्न केले नाही, आणि दिल्लीतल्या कचेऱ्यांचे उंबरठे झिजवीत राहिल्या. २००७ साली बेपत्ता सैनिकांचे १४ नातेवाईक पाकिस्तानातील तुरुंग पाहायला गेले, त्यांत त्या होत्या. त्याआधी १९८३ साली काही नातेवाइकांना मुलतानच्या तुरुंगात नेले होते. दोन्ही वेळा हात हालवीत परत यावे लागले.

हे एकट्या तांबे यांचे दुर्दैव असते तर आम्ही नशिबाला बोल लावून गप्प बसलो असतो. पण यादी मोठी आहे. १९७१ च्या युद्धातील ५४ भारतीय सैनिक आणि अधिकारी पाकिस्तानच्या ताब्यात असल्याचे आपलेच सरकार मानते. १९७९ साली परराष्ट्र खात्याचे राज्यमंत्री समरेंद्र कुंडू यांनी लोकसभेत नावे दिली, ती ४० होती. पुढे यादी वाढली. जुलै २०१९ मध्ये लोकसभेत सांगण्यात आले की ५४ युद्धकैदी धरून एकूण ८३ भारतीय सैनिक बेपत्ता आहेत आणि पाकिस्तान ते मान्य करीत नाही. म्हणजे चाळीस वर्षांत आमची प्रगती काय? ४० चे ८३ झाले!

पुरावे नव्हते असे नाही. मेजर अशोक सुरी मारले गेले असे प्रथम घरी कळवले होते. नंतर वडिलांच्या हाती त्यांची कराचीहून आलेली चिठ्ठी पडली आणि 'मृत' हा शेरा बदलून 'बेपत्ता' करावा लागला. मेजर घोष यांचा गजांआडचा फोटो अमेरिकेच्या 'टाइम' साप्ताहिकाने डिसेंबर १९७१ मध्ये छापला. भुट्टो यांच्या खटल्यावर आणि फाशीवर व्हिक्टोरिया स्कोफील्ड या इंग्रज बाईंनी पुस्तक लिहिले. लाहोरच्या कोट लखपत तुरुंगात असताना भिंतीपलीकडून येणाऱ्या किंकाळ्यांनी भुट्टोंना झोप येत नसे आणि त्या १९७१ च्या भारतीय कैद्यांच्या असल्याचे त्यांना सांगण्यात आले, असे त्यात नमूद आहे. अशा एकेका पुराव्यावर शंका घेता येईल. जरूर घ्यावी. पण शंका घेण्यासाठी तरी तो पुरावा कोणी टेबलावर मांडावा लागतो. पन्नास वर्षांत नावागणिक पुरावा जनतेपुढे कोणत्या सरकारने मांडला? एकाही नाही. आणि या काळात दिल्लीत सर्व रंगांची सरकारे येऊन गेली, हेही लक्षात ठेवा.

आता हिशेबाकडे वळू. आम्ही वाणिज्य शाखेचे पदवीधर, आम्हाला हिशेबाचीच भाषा येते.

१६ डिसेंबर १९७१ रोजी ढाक्यात शरणागती झाली. नागरिक धरून सुमारे ९३ हजार लोक आपल्या ताब्यात आले. त्यांचा सेनापती नियाझी आपल्याच मध्य प्रदेशात, जबलपूरच्या छावणीत होता. २ जुलै १९७२ ला सिमला करार झाला. १ डिसेंबर १९७२ ला पश्चिम आघाडीवरच्या कैद्यांची अदलाबदल झाली आणि आपले सहाशेच्या वर जवान वाघ्यावरून घरी आले. त्याच दिवशी कळून चुकले की काही जण आलेले नाहीत. कोण आले, कोण नाही, हे मोजायला एक दुपार पुरते. आमच्याकडे दिवसअखेर रोकड जुळली नाही तर तिजोरीला कुलूप लागत नाही आणि कोणी घरी जात नाही!

त्या दिवशी नव्वद हजारांवर पाकिस्तानी कैदी अजून आपल्या छावण्यांत होते. त्यांच्या परतीचा दिल्ली करार झाला २८ ऑगस्ट १९७३ ला, आणि शेवटी नियाझी वाघा ओलांडून गेला तो ३० एप्रिल १९७४ ला. म्हणजे आपली माणसे आली नाहीत हे कळल्यापासून जवळजवळ १७ महिने हातात होते. या १७ महिन्यांत आपल्या यादीतल्या प्रत्येक नावापुढे 'परत आला', 'मेला, अमुक ठिकाणी पुरला' किंवा 'ठाऊक नाही' असे लेखी का लिहून घेतले नाही?

कोणी म्हणेल, तुम्ही काय ९३ हजारांना ओलीस ठेवायला सांगता? मुळीच नाही. १९४९ च्या तिसऱ्या जिनेव्हा कराराचे ११८ वे कलम सांगते की लढाई थांबताच कैदी विनाविलंब सोडावेत. तो करार आपण मान्य केला आहे, १९६० साली त्यासाठी स्वतंत्र कायदाही केला आहे. सभ्य राष्ट्र म्हणून आपण तो पाळावा यातच आपली शान आहे. पण त्याच कराराची आणखी कलमे वाचा. पकडलेल्या सैनिकाला आठवड्याच्या आत घरी आणि जिनेव्हाच्या माहिती केंद्राला कार्ड धाडता आले पाहिजे. कैदेत मेला तर मृत्यूचा दाखला दिला पाहिजे, कबरीची नोंद ठेवली पाहिजे. ही कलमे पाकिस्तानवरही तितकीच बंधनकारक आहेत. कैदी परत पाठवणे हे आपले कर्तव्य आणि हिशेब मागणे हा आपला हक्क. कर्तव्य आपण पुरे केले आणि हक्क वाघ्यावर विसरून आलो!

बँकेत 'उचंत खाते' नावाचा प्रकार असतो. कोणत्या खात्यात घालावी हे कळत नाही ती रक्कम तात्पुरती तिथे टाकतात. तात्पुरती म्हणजे खरोखर तात्पुरती. उचंतातली नोंद जुनी झाली की तपासनीस मान पकडतो, लेखी खुलासा मागतो. आपल्या देशाने ५४ जिवंत माणसांची नोंद उचंत खात्यात टाकली आणि तपासनीसच नेमला नाही.

दुसरे सांगतो. एखाद्या ठेवीवर १० वर्षे हालचाल झाली नाही तर ती रक्कम २०१४ पासून रिझर्व्ह बँकेच्या एका निधीत वर्ग होते. पण ठेवीदाराचे नाव पुसले जात नाही. तो किंवा त्याचा वारस उद्या दारात उभा राहिला तर पैसे मोजून द्यावे लागतात. चारशे रुपयांच्या बेवारस पासबुकाची ही कदर! आणि लढाऊ विमान घेऊन शत्रूच्या तळावर गेलेल्या माणसाची?

सात वर्षे बेपत्ता असलेल्या माणसाला मृत मानता येते, असे पुराव्याचा कायदा सांगतो. असे कागद घेऊन आलेल्या बायका आम्ही खिडकीवर पाहिल्या आहेत. त्या कागदाने खाते बंद होते, वारसाला पैसे मिळतात. मनातले खाते बंद होत नाही. कायद्याने 'मानलेला' मृत्यू आणि कोणी डोळ्यांनी पाहिलेला मृत्यू यांत फार अंतर आहे.

हे अंतर आपल्याला, म्हणजे होळकर-शिंद्यांबरोबर माळव्यात आलेल्या घरांना, कोणी वेगळे समजावून सांगायला नको. १४ जानेवारी १७६१ ला पानिपत झाले. ज्या उज्जैनला हा सांवेर रोड जातो, त्या उज्जैनच्या शिंदे घराण्यातला कोवळा जनकोजी जखमी होऊन शत्रूच्या हाती सापडला. खंडणी घेऊन सोडण्याचे बोलणे चालले होते. ते उघडकीला येईल या भीतीने त्याला गुपचूप मारून पुरले, असे काशीराज पंडित लिहून गेला. इब्राहिमखान गारदी कैदेतच हालहाल होऊन मेला. आणि सदाशिवरावभाऊ? त्यांच्या मृत्यूवर पत्नी पार्वतीबाईंनी अखेरपर्यंत विश्वास ठेवला नाही. कपाळाचे कुंकू त्यांनी पुसले नाही. १७८३ साली, पानिपतानंतर २२ वर्षांनी, त्या सवाष्ण म्हणूनच गेल्या. मधल्या काळात भाऊसाहेबांचा तोतया उभा राहिला आणि त्याने पेशवाई हालवून सोडली. खरी बातमी मिळाली नाही की तोतये निपजतात, हा पानिपताचा धडा आहे. १९७१ च्या बेपत्तांच्या घरीही अर्धशतक कोणी ना कोणी निरोप आणीत राहिला, 'अमक्या तुरुंगात पाहिला', 'तमक्या बराकीत आवाज ऐकला'. खरे किती, खोटे किती, कोण सांगणार? पार्वतीबाईंनी २२ वर्षे वाट पाहिली, पेशव्यांकडे तार नव्हती, टेलिफोन नव्हता, रेड क्रॉस नव्हता. आमच्या काळातल्या दमयंतीबाईंनी त्याच्या दुपटीहून अधिक वाट पाहिली, आणि आमच्याकडे सर्व काही होते!

इंग्रजांचेही उदाहरण घ्या. पहिल्या महायुद्धात एप्रिल १९१६ मध्ये इराकमधील कुत येथे पुणे डिव्हिजन तुर्कांना शरण गेली. त्यात मराठ्यांच्या पलटणी होत्या. कोकण-देशावरचे हजारो शिपाई वाळवंटातून पायी हाकलले गेले, रेल्वेच्या कामाला जुंपले गेले, आणि कित्येक तिथेच मेले. पुढे बसऱ्याला स्मारक झाले. त्यावर गोऱ्या शिपायांची नावे कोरली आणि आपल्या साध्या शिपायांची पलटणवार नुसती संख्या लिहिली. २०२१ साली तिथल्या युद्धस्मृती आयोगाने हा भेदभाव अहवालात कबूल केला आणि माफी मागितली. परक्या राज्याने आपल्या माणसांचे आकडे केले, याचा राग येतो ना? मग स्वराज्यात '५४' म्हणताना तो राग कुठे जातो? तेही नाव सोडून आकडाच झाले की!

आता म्हणतील, प्रयत्न काय कमी झाले? दर वर्षी १ जानेवारी आणि १ जुलैला दोन्ही देश कैद्यांच्या याद्या एकमेकांना देतात, त्या वेळी बेपत्ता सैनिकांचा उल्लेख भारत करतो. मान्य. पण वर्षातून दोनदा तेच वाक्य छापणे म्हणजे प्रयत्न नव्हे, ते श्राद्ध झाले. दोन्ही देशांच्या निवृत्त न्यायाधीशांची समिती २००७ साली नेमली गेली, तिची शेवटची फेरी २०१३ साली झाली. डिसेंबर २०११ मध्ये गुजरात उच्च न्यायालयाने सरकारला सांगितले की या ५४ जणांसाठी आंतरराष्ट्रीय न्यायालयात जा. सरकारने काय केले? सर्वोच्च न्यायालयात जाऊन २०१२ साली त्या आदेशाला स्थगिती मिळवली.

आणि पाच वर्षांनी, मे २०१७ मध्ये, कुलभूषण जाधव यांच्यासाठी भारत त्याच आंतरराष्ट्रीय न्यायालयात गेला. जुलै २०१९ मध्ये निकाल आपल्या बाजूने लागला. त्याबद्दल सरकारचे अभिनंदनच करायला हवे. जाधवांचे प्रकरण वकिलातीच्या भेटीच्या करारावर उभे होते, युद्धकैद्यांचे तसे नाही, हा कायद्याचा फरक आम्ही समजतो. पण मनात आणले की वाट शोधली जाते, एवढे तर त्यातून सिद्ध झाले? १९९९ साली फ्लाइट लेफ्टनंट नचिकेता आठवडाभरात परत आले. २०१९ साली विंग कमांडर अभिनंदन तीन दिवसांत आले. धुळे जिल्ह्यातला जवान चंदू चव्हाण सप्टेंबर २०१६ मध्ये सीमेपलीकडे गेला आणि जानेवारी २०१७ मध्ये सुटला. त्याच्या पकडले जाण्याच्या बातमीच्या धक्क्याने आजी मात्र गेली. ही माणसे आली, कारण पहिल्याच दिवशी सारा देश त्यांचे नाव घेत होता. ज्याचे नाव कोणी घेत नव्हते त्या कॅप्टन सौरभ कालिया आणि त्यांच्या पाच जवानांचे छिन्नविच्छिन्न देह जून १९९९ मध्ये हाती आले. कैद्याचे प्राण नाव घेण्याने वाचतात. तांबे यांचे नाव १९७१ च्या डिसेंबरात शत्रूने घेतले. आपण घेतले नाही.

एक शहाणपणाचा सल्ला आम्हाला नेहमी मिळतो. "अहो, आता ते असते तरी ऐंशीच्या घरात असते. जिवंत कोण असणार? उकरून काय मिळणार?" हा सल्ला देणाऱ्यांना आमचे उत्तर असे. तांबे परत येतील असे भाबडे स्वप्न आम्ही विकत नाही. कैदेत मृत्यू आला असेल तर कोणत्या तुरुंगात, कोणत्या साली, आणि देह कुठे ठेवला, एवढे लेखी हवे. अमेरिकेने कोरियाच्या युद्धातल्या आपल्या सैनिकांचे अवशेष २०१८ साली, म्हणजे ६५ वर्षांनी, उत्तर कोरियाकडून ५५ पेट्यांत परत आणले. त्यांच्याकडे या कामाला वेगळे खाते आहे. आमच्याकडे फाइल आहे.

म्हणून या पत्रकातून आमच्या चार स्पष्ट मागण्या.

१. संसदेत श्वेतपत्रिका मांडा. ८३ नावे, प्रत्येक नावापुढे कुठे पकडला गेला, पुरावा काय, पाकिस्तानने काय उत्तर दिले. एखादा युद्धातच मारला गेला असे सरकारला वाटत असेल तर तसे कुटुंबाला आधाराने सांगा. गोड आशेपेक्षा कडू खरे बरे.

२. न्यायाधीशांची समिती पुन्हा सुरू करा आणि १९७१ ते १९७४ ची तुरुंगातली व लष्करी रुग्णालयांतली दप्तरे पाहण्याची मागणी तिच्यामार्फत लावून धरा.

३. बेपत्ता सैनिकांच्या रक्ताच्या नातेवाइकांचे डीएनए नमुने आजच घेऊन ठेवा. आईवडील बहुतेकांचे गेले. भावंडे वृद्ध झाली. पत्नीच्या रक्तावरून नवऱ्याच्या अस्थी ओळखता येत नाहीत. उद्या एखादी कबर सापडली आणि ओळख पटवायला कोणी उरले नाही, तर तो दोष पाकिस्तानचा नसेल.

४. १६ डिसेंबरच्या विजय दिवसाला या ८३ जणांची नावे मोठ्याने वाचली जावीत. सर्वात आधी महूच्या छावणीत आणि आपल्या इंदुरात.

शेवटची मागणी सरकारपुरती नाही, ती आपल्याला आहे. आपण गणेशोत्सवात दहा दिवस मंडप घालतो. शिवजयंतीला भगवा फडकवतो. पानिपतच्या शौर्याची व्याख्याने ऐकून टाळ्या वाजवतो. त्या मंडपात एका संध्याकाळी पंधरा मिनिटे तांबे यांच्यासाठी काढता येणार नाहीत? आपल्या खासदाराला, तो कोणत्याही पक्षाचा असो, एक पोस्टकार्ड लिहिता येणार नाही? आमच्या मंडळाच्या दारात मत मागायला सर्वच येतात. आल्यावर चहा जरूर द्या. पण चहाबरोबर एक प्रश्नही द्या, '८३ जणांचे काय केलेत?' उत्तर आले नाही तर पुढच्या वेळी चहा पाजू नका.

त्या हवालदारांच्या प्रश्नाला आमच्याकडे अजून उत्तर नाही. येत्या नोव्हेंबरात ते पुन्हा खिडकीवर येतील, सही करतील, हयातीचा दाखला देतील. त्यांच्याकडे मान वर करून पाहता यावे, एवढीच आमची इच्छा आहे. निदान इतके सांगता यावे की हवालदारसाहेब, विचारायला सुरुवात केली आहे.

जय हिंद!